मदत हवी आहे : थंडीत सकाळी गाडी सुरू होत नाही, बॅटरी मात्र 'ओके'

पंधरा दिवस झाले, रोज सकाळी तोच तमाशा. किल्ली फिरवली की सेल्फ दोन-तीनदा कण्हल्यासारखा फिरतो आणि मग नुसतं टक-टक. ऊन चढलं की तीच गाडी अर्ध्या सेल्फमध्ये सुरू! पेट्रोल गाडी, नऊ वर्षं जुनी. बॅटरी 12 व्होल्ट, 45 अँपिअर-अवर, जेमतेम दीड वर्षाची.

टर्मिनलवर पांढरं साचलं होतं ते खायच्या सोड्याच्या पाण्याने धुतलं, घासून घट्ट केलं. बॅटरीवाल्याने लोड टेस्ट (बॅटरीवर भार टाकून तपासणी) केली, म्हणाला बॅटरीत काही दोष नाही. रात्रभर चार्जरला लावली तेव्हा दोन दिवस बरे गेले, तिसऱ्या दिवशी परत पहिले पाढे पंचावन्न.

एक विचित्र गोष्ट. सोमवारी शेजाऱ्यांच्या गाडीवरून जंप दिला (त्यांच्या बॅटरीला केबलने जोडून गाडी सुरू करायला बघितली), काळी क्लिप आमच्या बॅटरीच्या मायनसला लावली होती. ढिम्म हलली नाही. बुधवारी दुसऱ्या एकाने काळी क्लिप इंजिनच्या लोखंडाला लावली, तर पहिल्या झटक्यात सुरू. हा योगायोग समजायचा का? मल्टिमीटर घरात आहे, वापरता येतो.

प्रतिसाद :
थंडीत हे व्हायचंच. शून्य अंशाला बॅटरीची ताकद साधारण एक तृतीयांशाने कमी होते, उणे 18 ला निम्म्याच्याही खाली जाते. वर इंजिन ऑइल घट्ट, म्हणजे सेल्फला जोर जास्त लागतो. बॅटरी बदला आणि विषय संपवा. 'टेस्ट केली' म्हणजे दुपारी, गरम दुकानात केली असणार.

प्रतिसाद :
बदलण्याआधी मोजा हो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, दार न उघडता शक्य असेल तर उत्तम, बॅटरीवर व्होल्टेज बघा. 12.6 च्या वर म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे साधारण अर्धी, 12 च्या खाली म्हणजे उतरलीच. अर्धी असेल तर रात्री कोणीतरी चोरून खातंय का ते पाहा. डॅशकॅम, बाहेरून बसवलेलं म्युझिक सिस्टीम वगैरे. मायनसच्या वायरीत अँपिअर मोडवर मीटर घाला, गाडी लॉक करून अर्धा तास थांबा, कारण आतले संगणक लगेच झोपत नाहीत. 50 मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक. मीटर जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल.

धागाकर्ती :
मोजलं. गळती 28 मिलिअँपिअर. सकाळी बॅटरी 12.4. गाडी चालू, हेडलाइट, ब्लोअर आणि मागच्या काचेचा हीटर चालू ठेवून बॅटरीवर 13.5.

प्रतिसाद :
योगायोग नाही तो, तुमचं उत्तर त्याच क्लिपमध्ये आहे! सेल्फ मारताना हेडलाइट लावून बघा. बॅटरी कमजोर असेल तर ते पार विझायला येतात. आणि त्याच वेळी बॅटरीच्या मायनसपासून इंजिनच्या लोखंडापर्यंत किती व्होल्ट पडतात ते मोजा. मीटरचं एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त नको. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, वायरी पंखा आणि पट्ट्यापासून लांब.

धागाकर्ती :
हेडलाइट जेमतेम मंद झाले. बॅटरीवर 11.2 राहिले. आणि मायनस ते इंजिन : 2.1 व्होल्ट!!

प्रतिसाद :
सापडला चोर. तुमची अर्थिंग खराब आहे. बॅटरीची मायनस वायर बॉडीला जाते आणि बॉडीपासून इंजिनला एक विणलेली पट्टी असते. सेल्फचा सगळा करंट परत येतो तो त्या पट्टीतूनच. ती गंजली की तिथेच व्होल्ट खर्च होतात, सेल्फच्या वाट्याला उरतं ते नऊच्या आसपास. दिवे बॉडीवरून अर्थ घेतात म्हणून त्यांना कळतही नाही. थंडीत सेल्फ जास्त करंट ओढतो, करंट वाढला की तोटाही वाढतो. दुपारी ऑइल पातळ, म्हणून निभावतं. बुधवारी काळ्या क्लिपने ती पट्टीच टाळली होती.

चार्जिंगचंही तेच. अल्टरनेटर (गाडी चालू असताना बॅटरी भरणारा जनरेटर) इंजिनवर बसलेला, त्याचा करंटही याच वाटेने जातो. अल्टरनेटरच्या प्लस खुंटापासून त्याच्याच अंगापर्यंत मोजा, 14 च्या वर मिळेल असं वाटतं.

खात्री करायला जंपरची काळी केबल घ्या, गाडी बंद असताना आधी एक टोक आपल्याच बॅटरीच्या मायनसला, मग दुसरं इंजिनच्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर. सेल्फ मारा.

धागाकर्ती :
अल्टरनेटरवर 14.2. केबल लावल्यावर भल्या सकाळी एका सेल्फमध्ये सुरू झाली, मी अंगणात एकटीच हसत होते.

पट्टी बॅटरीच्या ट्रेखाली, गिअरबॉक्सच्या बोल्टवर मिळाली. अर्ध्या तारा तुटलेल्या, नट हिरवा पडलेला. आधी बॅटरीची मायनस काढली (जोडताना ती शेवटी), बोल्टची जागा पॉलिश पेपरने चकचकीत केली, तेवढ्याच जाडीची नवी पट्टी बसवली, वरून ग्रीस. आता सेल्फ मारताना 0.15 व्होल्ट.

प्रतिसाद :
झकास. पण बॅटरी इतके दिवस उपाशी राहिली आहे, अर्धवट भरलेल्या प्लेटांवर सल्फेट चढतं. छोट्या छोट्या फेऱ्यांनी ती भरणार नाही. एकदा हळू, 4 अँपिअरच्या आसपास, चार्जर स्वतः थांबेपर्यंत चार्ज करा आणि रात्रभर तशीच ठेवून सकाळी मोजा. 12.6 च्या पुढे टिकली नाही तर मग पहिल्या प्रतिसादवाल्यांचं ऐका.

धागाकर्ती :
आज सकाळी 12.65. शेजाऱ्यांची केबल परत केली.