ऑस्प्रेचं तिसरं पिल्लू मागे पडतंय, काही करता येईल का?

खाडीकाठची (न्यू जर्सी), १४ जून
आमच्या घरामागे खाऱ्या पाण्याची दलदल आहे, तिथे खांबावर ऑस्प्रेसाठी (मासे खाणारा शिकारी पक्षी) फळ्यांचा माचा ठोकलाय. मार्चमध्ये आधी नर आला, चार दिवसांनी मादी, मग काड्या, शेवाळ, कुणाची तरी प्लॅस्टिकची पिशवी, जे सापडेल ते आणून घरटं सजवलं. मेच्या शेवटी तीन डोकी दिसायला लागली. आता प्रॉब्लेम असा की दोन पिल्लं दांडगी आहेत आणि तिसरं अगदी चिमणं, मासा आला की मोठं त्याच्या डोक्यावर टोचे मारतं आणि ते बिचारं पोट टेकून गप्प पडून राहतं. आई पण त्या दोघांनाच भरवते!! काल वारा होता तर दिवसभरात एकच मासा आला. सासूबाई इथे आल्यात, त्या म्हणतायत फ्रीझरमधला बांगडा नेऊन टाक. मला हसू आलं पण रात्री झोप नाही लागली.

टेलिलेन्स (पुणे)
आधी हेवा व्यक्त करतो, आम्हाला ऑस्प्रे फक्त थंडीत भिगवणला दिसतो, घरटं कुठलं नशिबात. मादी दोन-तीन दिवसांच्या अंतराने अंडी घालते पण उबवायला पहिल्यापासूनच बसते, त्यामुळे साधारण ३७ दिवसांनी पिल्लंही मागेपुढेच फुटतात, तुमचं तिसरं पहिल्यापेक्षा पाचेक दिवसांनी लहान असणार. आई भेदभाव करत नाहीये हो, जी चोच पुढे येते तिच्यात घास जातो. मोठी दोघं पोट भरून आडवी झाली की तिसऱ्याचा नंबर लागतो, म्हणून सगळा खेळ मासे किती येतात त्यावर. आणि नर डोकं खाल्लेला मासा आणतो म्हणून त्याला नावं ठेवू नका, तो स्वतः तेवढ्यावरच भागवतो बऱ्याचदा.

चेसापीकवाला (व्हर्जिनिया)
बांगडा नको ताई!! पक्षी संरक्षणाचा १९१८ चा फेडरल कायदा आहे, नांदत्या घरट्याशी छेडछाड करता येत नाही. शिवाय कयाक घेऊन जवळ गेलात तर मादी उडते आणि पिल्लं उन्हात भाजतात, दुपारी ती पंख पसरून छत्रीसारखी उभी राहते ते बघितलं असेल. वाऱ्याने पाणी ढवळलं की नराला वरून मासा दिसत नाही, आणि सूर मारला तरी तो जेमतेम मीटरभर खोल जातो, त्यामुळे वाऱ्याचे दिवस उपासाचेच. लक्ष ठेवायचं तर फुग्याच्या रिबिनी आणि गळाच्या तंगुसावर ठेवा, पायात अडकलेलं दिसलं तर राज्याच्या वन्यजीव खात्याला फोन, स्वतः चढायचं नाही.
बाय द वे, तुमच्या पक्ष्यांचं माहेर आमच्याकडचं असू शकतं बरं का. डीडीटी या कीटकनाशकाने अंड्यांची कवचं पातळ होऊन न्यू जर्सीत पाचशेच्या वर घरटी होती ती १९७४ पर्यंत पन्नासच्या आसपास आली, तेव्हा आमच्या चेसापीक उपसागराकडची अंडी नेऊन तिकडच्या घरट्यांत ठेवली होती.

मासेखाऊ
सासूबाईंना माझा नमस्कार, मुद्दा बरोबर होता, पत्ता चुकला :)

खाडीकाठची, २४ ऑगस्ट
अपडेट द्यायचं राहूनच गेलं. जूनच्या शेवटी नराने इतके मासे आणले की मोठी दोघं आडवी पडायची आणि तिसरं निवांत जेवायचं, सासूबाईंनी कॅलेंडरवर रोज किती मासे आले ते लिहून ठेवलंय, सगळ्यात जास्त सात! जुलैच्या शेवटी तिसऱ्यानेही पंख मारत मारत माचा सोडला, परत येताना चुकून शेजारच्यांच्या बोटीच्या धक्क्यावर उतरलं. मादी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यानंतर दिसली नाही, मी घाबरले तर वाचलं की तीच आधी दक्षिणेला निघते, नर मागे राहून पिल्लांना खाऊ घालतो. मोठी दोघंही आता दिसत नाहीत, एकेकटीच दक्षिण अमेरिकेच्या वाटेला लागली असतील, आईबाप रस्ता दाखवायला नसतातच म्हणे. तिसरं मात्र अजून माच्यावर बसून ओरडतंय आणि बाप मासे आणून देतोय. सासूबाईंचं विमान शनिवारी आहे, त्या रोज सकाळी खिडकीशी जाऊन विचारतात, "आहे ना गं अजून? खाल्लं का त्याने?"