व्हॉल्व्ह रेडिओत घूंऽऽ आवाज: फिल्टर कंडेन्सर बदलताना निगेटिव्ह नक्की कुठे जोडायचा?

अजिंक्यतारा (सातारा)

नमस्कार मंडळी. ट्रान्सफॉर्मरवाला पाच व्हॉल्व्हचा एसी सेट आहे: ईसीएच ८१, ईएफ ८९, ईबीसी ८१, स्पीकर चालवणारा ईएल ८४ आणि रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा) ईझेड ८०. बरीच वर्षं माळ्यावर पडून होता. लावल्यावर अर्ध्या मिनिटात स्पीकरमधून जोरात घूंऽऽ येतो. व्हॉल्यूम पूर्ण बंद केला तरी आवाज तेवढाच. सांगली केंद्र १२५१ किलोहर्ट्झवर लागतं, पण घूंऽऽखाली दबलेलं.

चासीवर (सेटच्या धातूच्या बैठकीवर) फिल्टर कंडेन्सरचा ॲल्युमिनियमचा डबा आहे, ५० + ५० मायक्रोफॅरड, ३५० व्होल्ट. बुडाशी पांढरा थर साचलाय. माझे प्रश्न:

१. जवळ १०० मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचे नवे कंडेन्सर आहेत. तेच लावू का?
२. निगेटिव्ह म्हणजे चासीच ना? डब्याखाली तपकिरी चकती आहे आणि डबा चासीला टेकत नाही, म्हणून शंका आली.
३. जुना डबा तसाच ठेवून नवे समांतर जोडले तर चालेल?

व्हॉल्व्ह_मिरज

दादा, आधी सेट बंद करा आणि कंडेन्सर बदलेपर्यंत पुन्हा लावू नका. व्हॉल्यूम बंद असतानाही घूंऽऽ तेवढाच राहतो म्हणजे दोष बहुधा फिल्टरकडे, म्हणजे डीसी सपाट करणाऱ्या कंडेन्सरकडे आहे. पांढरा थर हा बाहेर आलेला इलेक्ट्रोलाइट आहे. आतला वाळला की क्षमता घटते, आणि न वापरता राहिला की ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा थर खराब होऊन गळती वाढते. त्या गळतीचा सगळा भार ईझेड ८० आणि ट्रान्सफॉर्मरवर येतो.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आलं. समांतर जोडल्याने घूंऽऽ कमी होईल, पण जुन्याची गळती तशीच राहील आणि एक दिवस ट्रान्सफॉर्मर जाईल. डबा शोभेला चासीवर राहू द्या, त्याच्या पॉझिटिव्ह टॅगवरच्या तारा मात्र सोडवा.

१०० लावू नका. ईझेड ८० साठी त्याच्या लगेच पुढच्या, म्हणजे पहिल्या कंडेन्सरची कमाल मर्यादा ५० मायक्रोफॅरड आहे. जास्त मोठा लावला की दर अर्ध्या सायकलला करंटचा झटका वाढतो, कॅथोडवरचा लेप उडतो, आत ठिणग्या दिसतात. ४७ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्ट, १०५ डिग्रीचे दोन घ्या. ३५० व्होल्टचे नकोत. ट्रान्सफॉर्मरचं एच.टी. (हाय टेन्शन, व्हॉल्व्हना लागणारं मोठं व्होल्टेज देणारं) वाइंडिंग २५० व्होल्टचं असेल तर भार नसताना २५० × १.४१४ म्हणजे ३५३ व्होल्टपर्यंत चढतं, आणि मेन्स वाढला की आणखी वर. पुण्याला जाणं होत असेल तर बुधवार पेठेत तापकीर गल्लीत चौकशी करा.

आता दुसरा प्रश्न. ही चकती फार महत्त्वाची आहे, बरं झालं विचारलंत. पॅक्सोलिनची (वीज न वाहणारी) चकती उगाच लावत नाहीत. तुमच्या सेटमध्ये बहुधा बॅक बायस आहे: एच.टी. वाइंडिंगचं मधलं टोक थेट चासीला न जाता साधारण १०० ओहमच्या रेझिस्टरमधून जातं. सेटचा सगळा करंट त्यातून वाहतो, त्यावर ७ व्होल्टच्या आसपास पडतात, आणि तेच निगेटिव्ह ईएल ८४ च्या ग्रिडला (करंट आवरणाऱ्या जाळीला) मिळतात; हाच बायस. डब्याचं अंग त्या मधल्या टोकाला जोडलेलं असतं.

नव्या कंडेन्सरचा निगेटिव्ह चासीवर सोल्डर केला तर चार्जिंगचे १०० हर्ट्झचे झटके त्या रेझिस्टरमधून जातील. मग कोरे करकरीत कंडेन्सर लावूनही घूंऽऽ राहतो आणि माणूस चक्रावतो. आणि डब्यापासून चासीला तार टाकली तर बायसच शॉर्ट होईल, ईएल ८४ ची प्लेट लाल होईल. म्हणून दोन्ही निगेटिव्ह डब्याच्याच टॅगवर.

खात्री करून घ्या. प्लग काढा. १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर क्लिपने डब्याच्या प्रत्येक पॉझिटिव्हपासून चासीला दहा सेकंद लावा, मग मीटरवर शून्य दिसतंय का पाहा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून डिस्चार्ज करू नका. नंतर डबा ते चासी ओहम मोजा. शून्य आलं तर साधी जोडणी, ८० ते १५० आलं तर बॅक बायस.

त्या रेझिस्टरवर २५ किंवा ५० मायक्रोफॅरडचा छोटा कंडेन्सर असेल तर तोही बदला. त्याचा पॉझिटिव्ह चासीकडे असतो. सवयीने उलटा लावला जातो, तेवढं सांभाळा.

वारणाकाठ

मी म्हणेन ईझेड ८० काढून दोन १एन४००७ डायोड टाका, म्हणजे ५० ची अट राहत नाही आणि व्हॉल्व्ह शोधायचीही कटकट नाही.

एक सूचना: पहिल्यांदा लावताना सिरीजमध्ये १०० वॅटचा बल्ब ठेवा, तारेचाच. एलईडीने काम होत नाही. क्षणभर तेजाळून मंद झाला तर ठीक. भगभगीतच राहिला तर लगेच बंद.

व्हॉल्व्ह_मिरज

बल्बचं शंभर टक्के बरोबर. डायोडला माझा विरोध आहे. ईझेड ८० हळूहळू तापतो, तोवर बाकीचे व्हॉल्व्हही तापत येतात. डायोड क्षणात पूर्ण व्होल्टेज देतो, थंड व्हॉल्व्ह करंट घेत नाहीत आणि सगळा ताण कंडेन्सरवर येतो. शिवाय चालू सेटमध्येही एच.टी. वाढतं. ईझेड ८० चांगला असताना हे कशाला?

जोडताना चासीखाली टॅग स्ट्रिप बसवा, कंडेन्सर ईएल ८४ आणि ईझेड ८० च्या सॉकेटपासून लांब ठेवा. उष्णतेनेच ते लवकर वाळतात. तारा सोडवण्याआधी फोटो काढा आणि कोणती तार ईझेड ८० च्या ३ नंबर पिनकडे जाते यावर खूण करा. तो पहिला सेक्शन.

अजिंक्यतारा (सातारा)

सांगितल्याप्रमाणे केलं. डबा ते चासी ११० ओहम, म्हणजे बॅक बायसच. ४७ चे दोन लावले, दोन्ही निगेटिव्ह डब्याच्या टॅगवर. बल्ब मंद झाला, मग थेट मेन्सवर लावला. घूंऽऽ जवळपास गेला.

पण आवाज फाटतो आणि ईएल ८४ जास्तच तापतोय. ११० ओहमवर १०.१ व्होल्ट, ईएल ८४ च्या पिन २ वर मात्र उणे ३.५. हीटरला ७ व्होल्ट. घरात मेन्स २४४ आहे.

व्हॉल्व्ह_मिरज

लगेच बंद करा. १०.१ भागिले ११० म्हणजे ९२ मिलिअँपिअर, आणि ईझेड ८० ची मर्यादा ९० आहे. ग्रिडवर जवळजवळ पूर्ण १०.१ उणे दिसायला हवे होते. ते ३.५ वर आले याचा अर्थ ईबीसी ८१ च्या प्लेटपासून पिन २ ला, म्हणजे ग्रिडला, सिग्नल आणणारा कागदी कपलिंग कंडेन्सर गळतोय आणि पॉझिटिव्ह आत सोडतोय. तिथे ०.०१ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचा फिल्म कंडेन्सर लावा. त्याला उलटसुलट नसतं.

हीटरचं कारण व्होल्टेज सिलेक्टर. तो २२० वर असणार, २४५ वर घ्या.

ही पद्धत वाचून कोणी यूएल ८४, यूवाय ८५ वाल्या एसी-डीसी सेटला हात घालणार असेल तर थांबा. त्यात चासी थेट मेन्सला जोडलेली असते. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय उघडू नका.

अजिंक्यतारा (सातारा)

सिलेक्टर २२० वरच होता. २४५ केला, हीटर ६.३ आला. कपलिंग बदलल्यावर ११० ओहमवर ७.३ व्होल्ट, पिन २ वर उणे ७.२. आवाज स्वच्छ.

व्हॉल्व्ह_मिरज

७.३ म्हणजे ६६ मिलिअँपिअर, अगदी योग्य. तासभर चालवा आणि पुन्हा मोजा. आकडा वर सरकत गेला तर ईएल ८४ स्वतः गॅसी झालाय, म्हणजे आत वायू शिरलाय, तेव्हा तो बदलावा लागेल. आणि ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर जुना कागदी कंडेन्सर असेल तर तोही काढा, जागी २७५ व्होल्ट एसीचा एक्स२ प्रकारचाच लावा.