एका ओळीची गावं: विकिपीडियावर ठेवायची की काढायची?

पारावरचा (धागाकर्ता)

मराठी विकिपीडियावर सहा वर्षं संपादन करतोय. आलो होतो लेख लिहायला, आता निम्मा वेळ केर काढण्यात जातो. त्या केराबद्दलच हा धागा.

एखाद्या तालुक्याचं पान उघडा. खाली गावांची यादी, एकेका नावाला निळा दुवा. हौसेनं टिचकी मारली की 'अमुक हे महाराष्ट्र राज्यातील तमुक जिल्ह्यातील एक गाव आहे', संपलं. पुढे भौगोलिक स्थान, हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे, नागरी सुविधा, जवळपासची गावे असे मथळे ओळीनं बसलेले. पंगतीला पानं मांडलीत, वाढपी आलेच नाहीत. कुठे हवामानाखाली दोन वाक्यं असतात, तीही शेजारच्या गावाच्या पानावरून जशीच्या तशी आलेली.

माझा प्रस्ताव असा. अशी पानं तालुक्याच्या पानाकडे पुनर्निर्देशित करावीत, म्हणजे गावाच्या नावावर टिचकी मारली की तालुक्याचंच पान उघडावं, आणि तिथे एकच तक्ता ठेवावा: गावाचं नाव, क्षेत्रफळ, २०११ ची लोकसंख्या. राज्यात चाळीस हजारांवर गावं आहेत आणि तालुके साडेतीनशेच्या आसपास. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर वेगळा झाला. पुढे उस्मानाबादचं धाराशिव झालं, अहमदनगरचं अहिल्यानगर. दर वेळी शेकडो पानांवर एकेक शब्द बदलत बसायचं. कुणी बसायचं? नेमानं येणारे आम्ही मूठभर, त्यातले दोघे परीक्षा आली की गायब.

रानजाई

साफ असहमत.

माझं पहिलं संपादन अशाच एका पानावर झालं. आजोळ चंदगड तालुक्यात. गावाचं नाव शोधलं तर हे रिकामं पान आलं. 'लोकजीवन' असा मथळा आणि खाली काहीच नाही, बघून जीव चुटपुटला. भात, नाचणी, काजू अशा तीन ओळी लिहिल्या. मग देवळाचा फोटो कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या चित्रसाठ्यात, चढवला. आज माझी चारशेवर संपादनं आहेत.

तक्त्यातली एक ओळ दिसली असती तर मी पान मिटून निघून गेले असते. नवा लेख 'तयार करा' म्हटलं की नवख्या माणसाच्या पोटात गोळा येतो हो. रेघा आखलेल्या असल्या की हात चालतो.

शून्य_संदर्भ

रानजाईताई, तुमच्यासारख्या एकीसाठी हजार पानं ओसाड ठेवायची का?

खरं दुखणं आकड्याचं आहे. १ मे २००३ ला मराठी विकिपीडिया सुरू झाला तेव्हापासून आपण इतर भारतीय भाषांशी लेखसंख्येची शर्यत लावून बसलोय. आकडाच हवा असेल तर फिलिपिन्समधली सेबुआनो भाषा बघा. साठ लाखांवर लेख, आणि त्यातले बहुतेक एका स्वीडिश माणसाच्या सांगकाम्यानं, म्हणजे आपोआप संपादनं करणाऱ्या बॉटनं, पाडलेले. वाचणारं कोण?

स्कॉट्स विकिपीडियाचं तर हसंच झालं. ती भाषा धड न येणाऱ्या एका अमेरिकन मुलानं तिथे हजारो लेख लिहिल्याचं २०२० मध्ये उघड झालं. कित्येक वर्षं ते कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. पानं जास्त आणि राखणदार कमी झाले की हे असं होतं.

सांगकाम्याचा_मालक

नावं बदलण्याचं रडगाणं पुरे. सांगकाम्या लावा, एका रात्रीत सगळे जिल्हे बदलून देतो. तालुकेही. चहा पण माझाच.

पारावरचा

चहा घेईन. पण तुमचा सांगकाम्या गोष्टीतल्या सांगकाम्यासारखाच, सांगितलं तेवढंच करणारा. 'अहमदनगर'च्या जागी 'अहिल्यानगर' घाल म्हटलं की मलिक अहमदाची 'अहिल्यानगरची निजामशाही' होईल. संदर्भात दिलेल्या जुन्या पुस्तकांची नावंसुद्धा बदलून ठेवील. मग ते निस्तरायला पुन्हा माणूसच.

सांगकाम्याचा_मालक

फक्त गावांच्या पानांवर, फक्त पहिल्या वाक्यात बदल करायचा. एवढं आम्हालाही कळतं, साहेब. पण तुम्हाला पानंच नको आहेत, त्यामुळे उपायही नको आहे.

घाटाखालची

विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ चा आणि विसावा २०१५ चा. वाईत बसून माणसांनी हयात घालवली, पण रिकामी नोंद कधी छापली नाही. केतकरांनी तर ज्ञानकोशाच्या तेवीस खंडांसाठी कंपनी काढून भाग विकले. कोश म्हटला की लिहून झाल्यावर दाखवायचा असतो. अर्धं शिजलेलं ताट कुणी पुढे करतं का?

रानजाई

काकू, त्यांना कागदाचा, छपाईचा हिशेब होता. शिवाय तिथे नोंद ठरवणारे संपादक वर, वाचणारे आम्ही खाली. इथे वाचणाराच उठून वाढायला लागतो. ताट अर्धं दिसलं तरच तो उठेल ना?

माळावरची_वाट

माझं भांडण वेगळं आहे. पानं रिकामी का राहतात ते कुणी बोलेना.

आमच्या गावच्या जत्रेबद्दल मी दोन परिच्छेद लिहिले होते. मानकरी कोण, पालखी कुठल्या वाटेनं जाते, पावसानं ओढ दिली की देवाला पाण्यात का कोंडतात. दुसऱ्या दिवशी 'संदर्भ नाही' म्हणून एका जुन्या सदस्यानं सगळं परतवलं, म्हणजे खोडून पान आधीसारखं केलं. चर्चा पानावर विचारलं तर 'छापील स्रोत द्या' म्हणे. छापील आणू कुठून? १८८५ च्या सातारा गॅझेटियरमध्ये इंग्रजांनी आमच्या गावावर दोन ओळी लिहिल्या असतील तर तो पुरावा. नव्वदीतली आजी, जिनं ती पालखी सत्तर वर्षं पाहिली, ती मात्र 'मूळ संशोधन', म्हणून विकिपीडियावर चालत नाही. मग म्हणता, वाढपी आले नाहीत. आले होते हो, तुम्हीच हाकलले.

शून्य_संदर्भ

तुमची आजी खरंच सांगत असेल. पण प्रत्येक गावात दोन आज्या असतात. एका पानावर 'मूळ पाटील घराणं कोणतं' यावरून दोन भावक्या आठवडाभर एकमेकांचं खोडत होत्या. दोघांनाही आपापल्या आजीनंच सांगितलं होतं. पंचायत करायला बसलेला मी पुण्यात, त्या गावाची एसटीही पाहिलेली नाही. मी कुणाचं खरं मानू? संदर्भाचा नियम तुमच्या आजीला खोटं पाडायला नाही, माझ्यासारख्या अडाण्याला निवाडा करावा लागू नये म्हणून आहे.

नियम सैल केला की काय येतं तेही ऐका. सरपंचांचं नाव, मोबाईल नंबर, 'भावी आमदार'. चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्सच, फक्त विकिपीडियावर लावलेला.

माळावरची_वाट

फ्लेक्स उतरवा की, हरकत कुणाची आहे? पालखी कशाला उतरवलीत?

पारावरचा

माळावरची, ती परतवणी मी केली नव्हती, पण समोर आली असती तर मीही तेच केलं असतं, हे कबूल करतो. जत्रेची बातमी स्थानिक दैनिकात येते, तेवढ्यावरही तुमचा एक परिच्छेद उभा राहिला असता. पण हे परतवण्याआधी तुम्हाला कुणी सांगायला हवं होतं. ते झालं नाही, यात तुमचा राग बरोबर आहे.

बाकी ज्यांना भरायचंच आहे त्यांच्यासाठी: जनगणनेची जिल्हा पुस्तिका उतरवून घ्या. गावागणिक क्षेत्रफळ, लोकसंख्या, शाळा, पाणी, टपाल, रस्ता सगळं आहे. आकडे २०११ चे, कारण २०२१ ची जनगणना ठरल्या वेळी झालीच नाही. तेही 'सध्याची लोकसंख्या' म्हणून लिहू नका, वर्ष घाला.

रानजाई

म्हणजे पानं भरता येतात! मग काढायची घाई का? चंदगड मी घेते. बाकीच्यांनी एकेक तालुका घ्या.

पारावरचा

घ्या. सहा महिन्यांनी विचारतो. चावडीवर, म्हणजे विकिपीडियाच्या सार्वजनिक चर्चेच्या पानावर, अशा 'एकेक तालुका घ्या' मोहिमा मी पाहिल्यात, पहिल्या पंधरवड्यानंतर घेणारे दिसत नाहीत. आणि पुनर्निर्देशन म्हणजे खोडणं नव्हे. पानाचा इतिहास तसाच राहतो, लिहायला कुणी आलं की एका टिचकीत पान परत उभं.

रानजाई

ती टिचकी कुठे मारायची हे नवख्याला कोण सांगणार? परत तुम्हीच ना?

कोयनाकाठ

उशिरा आलोय. हे सगळं वाचून आत्ता आमच्याकडच्या गावांची पानं चाळली. एका पानावर 'जवळपासची गावे' मध्ये एक नाव आहे, त्याला निळा दुवा आहे, दुव्यात 'हे एक गाव आहे' असंही आहे. ते गाव धरणात गेलं. वडिलांच्या वेळेला. उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाची जोती दिसतात.

जनगणनेच्या यादीत बेचिराख गावंही असतात, लोकसंख्येच्या जागी शून्य. तिथून कुणीतरी उचललं असणार.

पारावरचा

बघा, हेच म्हणत होतो. नाव कळवा, आजच काढतो.

कोयनाकाठ

काढू नका. 'आहे'चं 'होतं' करा.

शून्य_संदर्भ

'होतं'ला संदर्भ लागेल.