मदत हवी आहे : मॉडेल रेल्वेच्या यार्डासाठी युनिफ्रॉग सांधे घ्यावेत का?

नमस्कार मंडळी. ठाण्यात, घोडबंदर रस्त्यावरील घरी मी एचओ मापाची, म्हणजे १६.५ मिमी रूळअंतराची, मॉडेल रेल्वेची मांडणी नव्याने उभारत असून यार्डातील सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे भाग) बदलण्यापूर्वी अनुभवी सदस्यांचे मत हवे आहे. सध्याच्या सांध्यांत क्रॉसिंगचा, म्हणजे रूळ एकमेकांना छेदतात त्या जागेचा, मधला भाग प्लास्टिकचा आहे, त्यामुळे तेथे चाकांना वीज मिळत नाही. लांब डिझेल इंजिने त्यावरून सहज जातात, परंतु चार चाकांचे छोटे शंटिंग इंजिन कमी वेगात नेमके तेथेच थांबते, आणि यार्डात मुख्यतः शंटिंगच करायचे असल्याने ही अडचण फार जाचते.

पेको या मॉडेल रूळ बनवणाऱ्या कंपनीच्या युनिफ्रॉग सांध्यात क्रॉसिंगचे टोक धातूचे, पण इतर रुळांपासून अलग ठेवलेले असते. त्याची तार न जोडता सांधा तसाच वापरता येतो, किंवा ती ध्रुवता बदलणाऱ्या स्विचला जोडून टोकालाही वीज देता येते. ही रचना मला मनापासून पटते. मात्र डीसीसीवरील (रुळांतून डिजिटल संकेत पाठवून इंजिने चालवण्याच्या पद्धतीवरील) छोट्या इंजिनांना तार न जोडता ती पुरेशी ठरते का, की सांध्याच्या मोटारीबरोबर स्विच बसवणे अपरिहार्यच आहे?

शिवाय माझे रूळ कोड १००चे, सुमारे २.५ मिमी उंचीचे आहेत. कमी उंचीचा कोड ७५ अधिक नाजूक आणि खरा दिसतो, पण जुन्या डब्यांच्या चाकांच्या खोल कडा त्यावर आपटतील का?

ठाणे-नवी मुंबईत कोणी हे सांधे पावसाळ्यातही वापरले असल्यास, दमट हवेत विद्युतसंपर्क कितपत टिकतो, हे कृपया सविस्तर लिहावे. आपली हरकत नसल्यास मांडणी प्रत्यक्ष पाहायलाही येईन.