शब्दचर्चा: वेबेरचा 'कों' मराठीत कोण? बावळट, बकरा की भैताड?

तिसरी घंटा

नमस्कार मंडळी. आमच्या हौशी नाट्यमंडळाच्या डोक्यात यंदा एक फ्रेंच नाटक मराठीत बसवायचं आहे (परवानगीचं पुढचं पुढे). फ्रान्सिस वेबेरचं 'ल दीने द कों'. ज्यांनी २००७ चा 'भेजा फ्राय' पाहिलाय त्यांना गोष्ट माहीतच आहे. पैसेवाल्या मित्रांचं टोळकं दर आठवड्याला जेवायला जमतं. प्रत्येकाने एक 'कों' शोधून आणायचा, त्याला गोडगोड बोलून बोलतं करायचं आणि ज्याचा 'कों' सगळ्यात भारी तो जिंकला. पाहुण्याला अर्थातच याचा पत्ता नसतो.

अडलंय ते शीर्षकावर. शब्दकोशात 'कों'ला मूर्ख, वेडा, बावळट असे अर्थ दिसतात. तिन्ही लावून पाहिले, एकही बसत नाही. 'मूर्खांची मेजवानी' म्हटलं की बालनाट्य वाटतं. सुचवा.

सायडिंगला

येडपट. चर्चा संपली.

अर्धविराम

संपली कसली, आत्ता कुठे नांदी झाली.

फ्रेंच शिकवते म्हणून थोडं सांगते. 'कों' हा शब्द मुळात शरीराच्या एका अवयवाचा, लॅटिनमधून आलेला आणि चांगलाच अश्लील. पण फ्रेंच माणसाने तो इतका वापरला की त्याची धार गेली. आज बाप मुलाला म्हणतो, बायको नवऱ्याला म्हणते, माणूस स्वतःलाही म्हणतो. सासूसमोर टाळतात, इतकंच. आपल्याकडे त्याचा सख्खा भाऊ आहे. त्याच अवयवावरून आलेला, त्याच अर्थाचा, उत्तरेकडून येऊन मुंबई-पुण्यात कायमचा राहिलेला. तो इथे लिहिता येणार नाही आणि नाट्यगृहाच्या दारावर तर नाहीच नाही. फरक असा, की त्यांचा शब्द घरात आला आणि आपला अजून कट्ट्यावरच आहे. शब्दाचं वजन जुळत नाही, म्हणून सगळे अनुवाद एक तर गुळमुळीत होतात नाही तर शिवराळ.

याच कथेवरून अमेरिकेत २०१० साली चित्रपट निघाला तेव्हा त्यांनी शीर्षकात यिडिश भाषेतला 'श्मक' घेतला. तोही मुळात अवयवच, फक्त पुरुषाचा! म्हणजे नाव ठेवणाऱ्याने शब्दकोश नाही, शब्दाचं कूळ पाहिलं. नाव जमलं, चित्रपट मात्र फसला असं माझं मत. मूळ फ्रेंच गोष्टीत ते जेवण कधी होतच नाही. यजमान ब्रोशाँची पाठ ऐनवेळी धरते, तो घरीच अडकतो आणि त्याचा पाहुणा फ्राँस्वा पिन्यों त्याच दिवाणखान्यात बसून, मदत करायच्या नादात, एका संध्याकाळीत त्याच्या संसाराची वाट लावतो. अमेरिकन आवृत्तीत जेवणाचा प्रसंगच दाखवलाय. एकदा ते टेबल दाखवलं की सगळे वेडे एका ओळीत बसतात आणि मग कुणाचंच काही वाटत नाही.

तिसरी घंटा

ताई, हेच हवं होतं. वेबेरबद्दल अजून सांगाल का? आमच्यातल्या निम्म्यांना वाटतं हे 'भेजा फ्राय'वाल्यांचंच डोकं.

अर्धविराम

जन्म १९३७, पॅरिसला चिकटून असलेल्या नईमधला. घरात लिहिण्याचा धंदा आजोबांपासूनचा, पिएर वेबेर हेही नाटककार. याने वैद्यकाचं शिक्षण अर्धवट सोडलं, काही काळ पत्रकारी केली, मग नाटकाकडे वळला. १९७१ चं 'ल काँत्रा' हे नाटक. एका हॉटेलात शेजारशेजारच्या खोल्यांत एक सुपारी घेतलेला खुनी आणि एक जीव द्यायला निघालेला शर्टविक्या. त्यावर १९७३ साली 'लाँमेर्दर' चित्रपट आला. शर्टविक्या झाला होता गायक जाक ब्रेल, आणि त्याचं नाव ठेवलं फ्राँस्वा पिन्यों. तिथून हे नाव वेबेरने सोडलंच नाही. 'ले कोंपेर' (१९८३) आणि 'ले फ्युजितीफ' (१९८६) मध्ये पिएर रिशार पिन्यों, 'ल प्लाकार' (२००१) मध्ये दानिएल ओतोय पिन्यों, 'ला दुब्ल्युर' (२००६) मध्ये गाद एलमालेह पिन्यों. माणसं वेगळी, नोकऱ्या वेगळ्या, नाव एक. गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही.

'ल दीने द कों' हे नाटक १९९३ साली पॅरिसच्या 'तेआत्र दे व्हारिएते'मध्ये आलं. जाक व्हिलरे पिन्यों, क्लोद ब्रासर ब्रोशाँ. १९९८ साली वेबेरने स्वतःच त्याचा चित्रपट केला. पिन्योंच्या जागी व्हिलरेच, ब्रोशाँ मात्र तिएरी लेर्मित. फ्रान्समध्ये ९० लाखांहून जास्त तिकिटं विकली गेली. 'सेझार' पुरस्कारांत व्हिलरे सर्वोत्कृष्ट अभिनेता, वेबेरला पटकथेचं आणि आयकर अधिकाऱ्याची छोटी भूमिका करणाऱ्या दानिएल प्रेव्होला साहाय्यक अभिनेत्याचं बक्षीस.

शिवाय हा माणूस दुसऱ्याच्या नाटकांनाही पडद्यासाठी हात लावायचा. जाँ प्वारेच्या 'ला काज ओ फोल'च्या १९७८ च्या पटकथेत हा होता आणि त्या पटकथेला ऑस्करचं नामांकन मिळालं होतं.

वऱ्हाडी ठेचा

आमच्याकडे याला एकच शब्द आहे: भैताड. मूर्खात माया नाही, वेड्यात दवाखाना येतो. भैताड म्हटलं की समोरचा घरचाच असतो. 'काय भैताड हायेस बे' हे भांडण नाही, विचारपूस आहे.

कोल्हापुरी कट्टा

आणि आमचं खुळं? 'खुळ्यांची पंगत' बघा कसं वाटतंय.

पडताळा

जरा थांबा. शब्द शोधण्याआधी तो कुणाच्या तोंडी आहे ते बघा. मराठीत मूर्खाच्या जाती फार. बावळट हा दिसण्यावरून ठरतो: शर्टाची गुंडी वरखाली, तोंड उघडं. माठ आणि मठ्ठ यांच्या डोक्यात काही शिरत नाही. ढ हा शाळेतला. भोळ्याला आपण माफ करतो. दीडशहाण्याला कधीच नाही. पिन्यों यांतला कुठलाच नाही. तो अर्थमंत्रालयात नोकरी करतो, हिशेब चोख ठेवतो. फावल्या वेळात काड्यापेटीच्या काड्यांची आयफेल टॉवरसारखी मॉडेलं करतो, त्यांचे फोटो खिशात बाळगतो आणि दिसेल त्याला दाखवतो. किती काड्या लागल्या, गोंद किती, सगळं तोंडपाठ. ऐकणारा कंटाळलाय हे त्याला कळत नाही, बस. ('भेजा फ्राय'मध्ये काड्या जाऊन गाणं आलं. विनय पाठकचा भारत भूषण. माझ्या मते हा बदल मुळाहून सरस नसला तरी आपल्या मातीतला. फोटोंची वही घेऊन फिरणारा आपल्याकडे क्वचित, पण 'एक गाणं म्हणू का' विचारणारा प्रत्येक लग्नात.)

म्हणजे तो 'कों' आहे तो ब्रोशाँच्या नजरेत. आणि नाटक जसं पुढे सरकतं तसा तो शब्द सरकत सरकत ब्रोशाँकडे जातो. यासाठी समर्थांनी आधीच सोय केलेली आहे. दासबोधाच्या दुसऱ्या दशकात पहिला समास मूर्खलक्षणांचा आणि दहावा पढतमूर्खाचा. ब्रोशाँ धंद्याने पुस्तकांचा प्रकाशक आहे. घ्या, पढतमूर्ख तयार.

सायडिंगला

मग शीर्षक 'मूर्ख आणि पढतमूर्ख'? तिकीटविक्री सात.

पडताळा

शीर्षक म्हणून नाही हो सुचवलं, पात्र समजायला सांगितलं.

लोकल ११:४२

मंडळी, 'बकरा'! टोळक्याच्या दृष्टीने पाहुणा बकराच आहे. बकरा शोधणे, बकरा पकडणे, बकरा बनवणे, सगळे वाक्प्रयोग आयते आहेत. आणि त्यात बकऱ्याच्या अकलेवर काही भाष्य नाही. बकरा हा दुसऱ्यांनी बनवलेला असतो. पडताळांचा मुद्दा तोच ना?

शीर्षक: 'बकऱ्यांची पंगत'.

वऱ्हाडी ठेचा

या नावाने पाटी लावली तर लोकं डबा घेऊन येतील. रस्सा कुठाय विचारतील.

अर्धविराम

हसले. पण 'बकरा' मला मनापासून आवडला, आणि वेबेरलाही चालला असता. १९८१ चा त्याचा 'ला शेव्र' हा चित्रपट. शेव्र म्हणजे शेळी. एका उद्योगपतीची मुलगी मेक्सिकोत बेपत्ता होते. ती जन्माची कमनशिबी, जाईल तिथे धडपडणारी. तिला शोधायला तिच्याइतकाच कमनशिबी एक कारकून पाठवतात, की तो जिथे धडपडेल तिथेच ती धडपडलेली असेल. वाघासाठी बांधतात तशी ही शेळी. बिचाऱ्याला वाटतं आपण मोहिमेचे प्रमुख. गुप्तहेर आहे जेरार दपार्दिय, शेळी पिएर रिशार. इथे नाव पिन्यों नाही, फ्राँस्वा पेरँ आहे, पण माणूस तोच.

पंगतीवरचा आक्षेप मात्र रास्त आहे. 'आजचा बकरा' करा. एकवचन. पंगत तशीही होत नाही.

तिसरी घंटा

'आजचा बकरा' वहीत लिहिलं. आता दुसरी अडचण, ही जास्त अवघड. फोनचा प्रसंग. ब्रोशाँ पिन्योंला एका माणसाला फोन करायला सांगतो. त्या माणसाचं नाव 'ज्युस्त लब्लाँ'. 'ज्युस्त' हे फ्रेंचमध्ये पहिलं नाव असू शकतं, पण त्याचा रोजचा अर्थ 'फक्त'. म्हणून ब्रोशाँ म्हणतो, त्याचं नाव ज्युस्त लब्लाँ. पिन्यों विचारतो, अरेच्चा, त्याला पहिलं नाव नाही? फ्रान्समध्ये म्हणे हा संवाद लोकांना पाठ आहे. मी 'केवल' घातलं. 'त्याचं नाव केवल लेले.' 'नुसतं लेले? मग नाव काय?'

पडताळा

चालणार नाही. मराठी माणूस 'केवळ' म्हणतो, 'केवल' नाही. 'केवल' ऐकलं की कानाला सरळ मुलाचं नाव वाटतं, गफलत होतच नाही. प्रेक्षक पिन्योंच्या आधी हसायला हवा किंवा निदान त्याच्याबरोबर. इथे तो विचारात पडेल.

अर्धविराम

शिवाय मूळ संवादात आणखी एक वळसा आहे. ब्रोशाँ वैतागून समजावतो: तुमचं नाव फ्राँस्वा, 'ज्युस्त' ना? तसंच त्याचं, ज्युस्त. इथे 'ज्युस्त' म्हणजे 'बरोबर'. एका शब्दात 'फक्त', 'बरोबर' आणि माणसाचं नाव. तिन्ही साधणारं मराठीत काही मिळेल ही आशा सोडा. गंमत कुठली राखायची ते ठरवा: मिनिटभर साध्या नावावर दोन सुशिक्षित माणसं अडकून पडतात, ती.

वऱ्हाडी ठेचा

निनावे.

'त्याचं नाव निनावे.'
'निनावी? मग फोनवर विचारू कोणाला?'
'निनावे! आडनाव आहे त्याचं!'
'आडनाव निनावे, बरं. आणि नाव?'
'नामदेव.'
'म्हणजे नाव आहे.'

आमच्याकडे निनावे हे खरंखुरं आडनाव आहे, बनवलेलं नाही.

अर्धविराम

ठेचा, तुम्हाला साष्टांग.

लोकल ११:४२

नामदेव निनावे! हे मुळापेक्षा भारी आहे, कुणी काही म्हणा.

तिसरी घंटा

घेतलं. मानधन म्हणून पहिल्या रांगेचा पास. आता लगे हाथ 'लाँमेर्दर'ला काय म्हणाल? पुढच्या वर्षी जमलं तर तेही करू.

अर्धविराम

त्याच्या पोटात विष्ठेचा शब्द आहे, पण रोजच्या वापरात 'डोकं उठवणारा'. इंग्रजीत नाव ठेवताना शेवटचा शब्द चक्क टिंबांत गिळला. बिली वाइल्डरने १९८१ साली हेच कथानक घेऊन 'बडी बडी' केला आणि नावातून प्रश्नच काढून टाकला. वाइल्डरचा तो शेवटचा चित्रपट.

कोल्हापुरी कट्टा

डोक्याला शॉट.

सायडिंगला

पकाऊ.

पडताळा

पकाऊ फक्त बोलून छळतो. हा तर गळफास घ्यायला जातो आणि हॉटेलचा पाइप फोडून शेजारच्या खोलीतल्या खुन्याचा बेत बुडवतो. 'ब्याद' म्हणा. ब्याद गळ्यात पडते, जाता जात नाही, आणि तिला स्वतःला आपण ब्याद आहोत हे ठाऊक नसतं. खुनी बिचारा आपल्या कामाला आलेला, ही गळ्यात पडली. दुसरा शब्द नको.

('ला दुब्ल्युर'चं कुणी विचारण्याआधी: त्याचे दोन अर्थ, बदली नट आणि कपड्याचं अस्तर. आपल्याकडे अस्तर कपड्यातच राहिलं. २००९ च्या 'डू नॉट डिस्टर्ब' या हिंदी चित्रपटाने ती गोष्ट उचलली, शब्दाच्या फंदात पडले नाहीत.)

तिसरी घंटा

'ब्याद' मान्य. शेवटचं एक. त्याच फोनच्या प्रसंगात पिन्यों बेल्जियन निर्माता असल्याची बतावणी करतो आणि तिकडचा हेल काढून बोलतो. फ्रेंच लोकांना बेल्जियन हेलाचं भारी हसू. आपल्याकडे कुठला हेल घेऊ?

वऱ्हाडी ठेचा

आमचा घेतला तर पास परत.

कोल्हापुरी कट्टा

अहो, बेल्जियम म्हणजे बेळगाव! सरहद्दीच्या पल्याड, भाषा तीच, हेल वेगळा, आणि आपण कुणापेक्षा कमी नाही ही खात्री. निर्मातासुद्धा शोभतो: 'नमस्कार, मी बेळगावास्नं बोलूलालोय, तुमच्या पुस्तकावर पिक्चर काढूलालोय.'

पडताळा

बेळगावचा प्रयोग शेवटी ठेवा म्हणजे झालं.