चर्चा: शिकवणाऱ्या लहान चॅनेलने रोज शॉर्ट टाकावा का? माझं मत, टाकू नये

सुईदोरा
मी वाईची. ब्लाउज शिवते आणि दोन वर्षांपासून यूट्यूबवर शिवणं शिकवते. आज 1,340 सबस्क्रायबर आहेत. आकडा लहान आहे, पण तो कसा झाला ते सांगून मत मांडते. पटलं नाही तर खोडून काढा.

सुरुवातीला जो तो सांगायचा, "रोज एक शॉर्ट (यूट्यूबवरचा छोटा उभा व्हिडिओ) टाक, चॅनेल पळेल." सात महिने टाकले. दिवसा शूटिंग आणि गिऱ्हाइकांचे ब्लाउज रात्री बारापर्यंत. जुन्या साडीचा काठ बाहीला लावण्याच्या एका शॉर्टला दीड लाख व्ह्यूज आले. सबस्क्रायबर किती वाढले? साठ. आणि त्या आठवड्यात माझ्या कटोरी ब्लाउजच्या मोठ्या व्हिडिओचे व्ह्यूज जिथल्या तिथे.

मग नियम नीट वाचले. जाहिरातींच्या उत्पन्नातला वाटा मिळायला 1,000 सबस्क्रायबर हवेत आणि सोबत मागच्या 12 महिन्यांत 4,000 तास व्हिडिओ पाहिले गेलेले हवेत, किंवा 90 दिवसांत शॉर्ट्सचे 1 कोटी व्ह्यूज. शॉर्ट्सच्या फीडमध्ये, म्हणजे बोटाने सरकवत एकामागून एक शॉर्ट पाहतात तिथे, पाहिलेला वेळ त्या 4,000 तासांत धरतच नाहीत. सात महिन्यांच्या त्या मेहनतीतून माझ्या तासांत जवळजवळ काहीच जमा झालं नव्हतं. त्या दिवशी मला रडू आलं.

आता महिन्याला दोनच व्हिडिओ करते, वीस-पंचवीस मिनिटांचे. माप घेण्यापासून हूक लावण्यापर्यंत, मध्ये काही न गाळता. सगळ्यात जास्त पाहिला गेलेला व्हिडिओ आहे 'मुंढ्याला चुण्या का पडतात' (मुंढा म्हणजे बाही जोडतात तो भाग). तो विषय एका गिऱ्हाईक बाईंच्या तक्रारीतून सुचला. बायका कापड पुढ्यात घेऊन बसतात, मोबाइल थांबवून कापतात, पुन्हा सुरू करतात. खाली विचारतात, "ताई, 34 छातीला मुंढा किती ठेवू?" मी प्रत्येकीला उत्तर देते. हजाराच्या पुढचे सगळे सबस्क्रायबर या उत्तरांतून आले असं माझं ठाम मत आहे. तास अजून 2,900च आहेत, तरीही.

काठपदर
ताई, तुमच्या कष्टांबद्दल आदर आहे, पण निष्कर्ष चुकतोय. मी इचलकरंजीहून घरूनच साड्या विकते. इन्स्टाग्रामवर रोज एक रील टाकते: पदर उघडून दाखवते, किंमत सांगते, तीस सेकंदांत संपवते. नागपूरच्या, सुरतच्या बायका त्यातूनच आल्या. मला कुणी पंचवीस मिनिटं पाहायची गरजच नाही, एक फोन आला की झालं.

तुमच्याही बाबतीत, ज्या बाईला तुमचं नावच माहीत नाही ती पंचवीस मिनिटांचा व्हिडिओ उघडेल कशी? शॉर्टमध्ये मोठ्या व्हिडिओचा दुवा जोडायची सोय आहे. तुम्ही काठाची बाही दाखवलीत आणि मोठा व्हिडिओ होता कटोरीचा. ज्यांना काठ हवा होता त्या कटोरीकडे का वळतील? दोष शॉर्टचा नाही, जोडणीचा आहे.

नवी_वाट
हजार होईपर्यंत 'सब फॉर सब' करायला काय हरकत आहे? आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात सगळे एकमेकांना सबस्क्राइब करतात. एकदा आकडा दिसला की लोक विश्वास ठेवतात.

सुईदोरा
@नवी_वाट, कृपा करून करू नका. पोटतिडकीने सांगते, कारण मीही दीड महिना केलंय. यूट्यूबच्या नियमांत ते बसत नाही. शिवाय ती मंडळी तुमचा एकही व्हिडिओ पाहत नाहीत. आकडा हजाराला पोचला तरी 4,000 तास कुठून आणाल?

रानवाट
दोघींनाही एक सांगायचंय. माझा धाकटा भाऊ टिकटॉकवर बैलजोडीचे व्हिडिओ टाकायचा. ऐंशी हजार फॉलोअर. 29 जून 2020 ला सरकारने अ‍ॅपवर बंदी घातली आणि दोन वर्षांची माणसं एका रात्रीत गेली. जुलैत इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणल्या, सप्टेंबरात यूट्यूबने शॉर्ट्स. तो पुन्हा शून्यापासून लागला, पण पहिल्यासारखं जमलं नाही. ज्यांनी त्याला रोज पाहिलं त्यांच्यातल्या एकाचाही नंबर त्याच्याकडे नव्हता. तुम्ही शॉर्ट करा नाहीतर तासाभराचा व्हिडिओ करा, जे खरोखर विचारतात त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर जोडून घ्या.

निळी_शाई
मूळ अडचण भाषेची आहे, त्यावर कुणी बोललंच नाही. 2011 च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे 8.3 कोटी, हिंदी सांगणारे 52.8 कोटी. हीच मेहनत हिंदीत केली असती तर तास केव्हाच भरले असते. पोटाचा प्रश्न असेल तिथे भावना बाजूला ठेवाव्यात.

सुईदोरा
पोटाचाच विचार करून मराठीत करते. हिंदीत ब्लाउज शिकवणाऱ्यांची इतकी गर्दी आहे की माझा व्हिडिओ कुणाला सापडणार? आणि मधुरा बाचल यांनी मराठीतून स्वयंपाक शिकवत केवढा प्रेक्षकवर्ग उभा केला, हे तर डोळ्यासमोर आहे. शिवाय माझ्याकडे येणाऱ्या बायका 'आर्महोल' शोधत नाहीत, मुंढा शोधतात.

@रानवाट दादा, नंबरांचं मनाला लागलं. पुढच्या व्हिडिओपासून गट सुरू करते.

@काठपदर, जोडणीचं तुमचं म्हणणं मान्य. एका मोठ्या व्हिडिओमागे त्यातलाच तुकडा कापून एक शॉर्ट करेन. पण रोजचं नाही. रोज द्यायला माझ्याकडे रोज नवं शिकवण्यासारखं नसतं, आणि मग मी काहीतरी अर्धवट दाखवते. अर्धवट शिकून कुणी दीड हजाराच्या साडीवरचं कापड चुकीचं कापलं तर ते नुकसान तिचं.

काठपदर
कापडाचं पटलं. विकणारीची चूक झाली तर साडी परत येते, कापलेलं कापड परत येत नाही. तरी माझी रील रोजचीच राहील. दिवाळीच्या आधीचे दोन महिने माझा वर्षाचा निम्मा धंदा होतो, तेव्हा एक दिवस गाळला तरी फोन कमी येतात, हे मी वहीत लिहून ठेवलंय. आणि ताई, गट कराल तेव्हा मला घ्या. माझ्या गिऱ्हाइकांना शिवणारी नेहमी हवी असते.