कोन फिल्टर आणि फ्री-फ्लो एक्झॉस्टबाबत
१.२ लिटर पेट्रोल स्विफ्टला कोन फिल्टर (शंकूच्या आकाराचा उघडा एअर फिल्टर) आणि फ्री-फ्लो एक्झॉस्ट (धूर बाहेर पडताना कमी अडथळा करणारा सायलेन्सर) बसवावा का, असे एकाने विचारले आहे. माझ्या मते हा खर्च करू नये. टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारे यंत्र) नसलेले इंजिन वातावरणाच्या दाबावरच हवा ओढते आणि कंपनीच्या स्वच्छ कागदी फिल्टरचा अडथळा मुळातच इतका थोडा असतो की तो काढून हाती फारसे काही लागत नाही. उलट, बॉनेटखाली उघडा बसवलेला कोन फिल्टर रेडिएटरमागची गरम, विरळ हवा घेतो. आवाज मात्र वाढतो, आणि गाडी जोरात पळत असल्याचा भास बहुधा त्यातूनच होतो.

टर्बो इंजिनाची गोष्ट वेगळी. तेथे ईसीयू (इंजिन नियंत्रित करणारा संगणक) रीमॅप करून, म्हणजे त्यातली आज्ञावली बदलून, बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा जादा दाब) वाढवला की टॉर्कमध्ये, म्हणजे इंजिनाच्या फिरवण्याच्या जोरात, खरोखर फरक पडतो, पण तो वाढीव भार क्लच आणि गिअरबॉक्सला सोसावा लागतो व वॉरंटीवर पाणी सोडण्याची तयारी ठेवावी लागते. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ नुसार नियमबाह्य बदलासाठी प्रत्येकी ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. पैसे घालायचेच असतील, तर मूळ मापाचे उत्तम पकडीचे टायर घ्यावेत आणि जुने ब्रेक ऑइल बदलून घ्यावे.